नडगीचं हाड, श्रावणी सोमवार आणि रिकाम्या पोटी पळणं

पहाटपावलं | ६ ऑक्टोबर, रात्री १०:५०

कोजागरीचं दूध आटतंय तोवर लिहून घेते. गच्चीवर सगळे गेलेत, मला जिने चढायला बंदी आहे.

वय ४१, मुक्काम पुणे, पाच वर्षं पळतेय. सहा अर्धमॅरेथॉन झाल्या. जानेवारीत मुंबईला पहिली पूर्ण मॅरेथॉन करायची होती. पैसे भरून झालेत, सासूबाईंना सांगूनही झालंय, म्हणजे आता माघार नाही असं वाटत होतं.

जुलैपासून डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर चार-पाच बोटांवर दुखायचं. पळायला लागलं की दहा मिनिटांत थांबायचं, म्हणून दुर्लक्ष केलं. सप्टेंबरात सातारा हिल हाफला यवतेश्वरचा घाट चढताना काही नाही, उतरताना मात्र पावलागणिक सुई टोचल्यासारखं. निघण्याआधी पेनकिलर घेतली होती, तरीही. आल्यावर एक्स-रे काढला, तो स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, काही नाही, शूज बदला. शूज बदलले. नवरात्रात ‘हलकं हलकं’ पळत राहिले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला जिना उतरताना पायरीवरच बसले. परवा दुसरीकडे एमआरआय झाला: स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला ताणाने पडलेली चीर, ग्रेड ३.

प्रश्न तीन. मुंबई जमेल का? पुढच्या वेळी शूज कुठले घेऊ? आणि आता पळणं बंद, तर वजन वाढू नये म्हणून खाण्यातलं काय काय कमी करू?

घाटमाथा | ६ ऑक्टोबर, रात्री ११:२०

ताई, आधी वाईट वाटलं ते सांगतो. मी साताऱ्याचाच, ती शर्यत पाच वेळा केलीय. यवतेश्वर चढताना फुप्फुसं बोलतात, उतरताना हाडं. उतारावर प्रत्येक पाऊल ब्रेक असतं, आणि तो ब्रेक नडगीवर नि मांडीवर लागतो.

मुंबई या वर्षी विसरा. १५ आठवडे पुरतील असं मन म्हणेल. त्याचं ऐकू नका.

शूजचं नंतर बघू. पाच महिने जुने होते की पाच वर्षं?

पहाटपावलं | ६ ऑक्टोबर, रात्री ११:३५

चार महिने. महागातले. तेच तर!

हाडवैद्य_नव्हे | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. इथे कुणाला तपासून सांगत नाही, फक्त कशाकडे बघायचं ते सांगतो.

एक्स-रे स्वच्छ आला याचं नवल नाही. हाडाला ताणाची चीर पडते तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा काहीच दिसत नाही. हाड भरायला लागलं, वर नवा थर चढला, की मग दिसतं. म्हणून दुखणं कुठे आणि कसं, हे जास्त महत्त्वाचं. नडगीच्या कडेने वीतभर पट्टा दुखत असेल तर बहुतेक वेळा शिन स्प्लिंट, म्हणजे चीर नव्हे, नडगीच्या कडेचं दुखणं. एका बोटाने दाबून ‘इथेच’ असं दाखवता येत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर हाडाचा संशय घ्यायचा.

तुमची जागा त्यातल्या त्यात बरी. नडगीची आतली-मागची बाजू सहसा नीट भरते. हेच नडगीच्या पुढच्या कडेला, पावलाच्या नॅव्हिक्युलर हाडात किंवा मांडीच्या हाडाच्या मानेत असतं तर प्रकरण वेगळं होतं. इतर वाचकांसाठी: पळताना जांघेत खोलवर दुखत असेल तर ‘स्नायू धरलाय’ म्हणून तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी पळणं थांबवा आणि तपासून घ्या.

आता मुद्दा. तुम्ही शूजबद्दल विचारलंत, मला मात्र तुमचा तिसरा प्रश्न खटकला. त्यामुळे उलट मीच विचारतो, राग मानू नका. दिवसभरात काय काय खाता, चहाच्या कपांसकट? गेल्या वर्षभरात वजन किती उतरलं? उपवास किती? आणि पाळी नियमित येते का? शेवटचा प्रश्न चारचौघांत नको असेल तर निरोप पाठवा.

पहाटपावलं | ७ ऑक्टोबर, दुपारी २:०५

इथेच सांगते. लाजून हाड भरणार नाही.

पहाटे पाच वाजता चहा, साखर बंद केलीय. मग ८ ते १२ किमी, रिकाम्या पोटी. आमच्या गटात सगळे तसंच पळतात, चरबी जळते म्हणतात. घरी आल्यावर पुन्हा चहा, कारण डबे. साडेनऊला वाटीभर पोहे किंवा उपमा. दीड वाजता दोन फुलके, भाजी, वाटीभर पातळ वरण, कोशिंबीर. भात सोडला. पाचला चहा आणि मूठभर फुटाणे. रात्री एक ज्वारीची भाकरी आणि भाजी, कधी नुसतं सूप. अंडं-मांस नाही. रविवारी १८ ते २४ किमी, त्या दिवशी एक केळं जास्त.

उपवास: श्रावणातले सोमवार आणि शनिवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, नवरात्राचे नऊ दिवस. साबुदाण्याने वजन वाढतं म्हणून उपवासाला फळं, ताक आणि चहा.

वजन गेल्या दिवाळीत ५८, आता ५२. सगळे म्हणतात छान दिसतेस. वेळही कमी झाला होता, १० किमीला चार मिनिटं.

पाळी मार्चनंतर दोनदाच आली. चाळिशी उलटली, होणारच, असं समजून बसले.

तिरकस | ७ ऑक्टोबर, दुपारी २:४०

एवढ्यात आमच्या घरची मांजरही पळायची नाही.

आकडेमोड | ७ ऑक्टोबर, रात्री ९:१५

पेशाने हिशेबनीस, त्यामुळे राहवलं नाही. चुकलो तर वैद्य_नव्हे यांनी दुरुस्त करावं.

पळायला ढोबळमानाने किलोमागे, किलोमीटरमागे एक कॅलरी लागते. ५२ किलो वजन, आठवड्याला ५५ किमी धरले तर २८६०, म्हणजे रोजच्या साधारण ४१०. तुमचं ताट मी मोकळ्या हाताने मोजलं, तरी १५०० च्या वर जात नाही. पळण्याचे वजा केले की उरले १०९०. शरीरातली चरबी वगळून वजन ४० किलोच्या आसपास धरू. १०९० भागिले ४०, म्हणजे २७.

या आकड्याला क्रीडाशास्त्रात उपलब्ध ऊर्जा म्हणतात. पळून झाल्यावर हृदय, मेंदू, हाडं, संप्रेरकं या घरखर्चाला किलोमागे किती उरलं, ते. ४५ च्या आसपास असेल तर संसार नीट चालतो. ३० च्या खाली गेलं की शरीर काटकसर सुरू करतं. आणि हा २७ साध्या दिवसाचा आहे. एकादशीला पळत असाल तर १००० मधून ४१० गेले, राहिले ५९०, म्हणजे १५ सुद्धा नाही.

४५ ला पोचायचं तर त्याच पळण्यावर रोज २२०० लागतील. तूट सातशेची. महिन्याला एकवीस हजार कॅलरींचं कर्ज, आणि वसुलीला नडगी.

हाडवैद्य_नव्हे | ७ ऑक्टोबर, रात्री १०:३०

हिशेब बरोबर आहे. घरी बसून काढलेला असल्याने पाच-दहा इकडेतिकडे होईल, दिशा बदलणार नाही.

याला नाव आहे, रेड-एस. खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची सापेक्ष तूट. पूर्वी फक्त बायकांच्या बाबतीत बोलायचे: खाणं कमी, पाळी बंद, हाडं कच्ची असं त्रिकूट. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ते मोठं करून मांडलं, २०२३ मध्ये पुन्हा सुधारलं. पुरुषही यात सापडतात. त्यांना पाळीसारखी धोक्याची घंटा नसते, त्यामुळे उशिरा कळतं.

शरीराला तूट जाणवली की ते आधी ज्याच्याशिवाय आज भागतं ते बंद करतं. पाळी हे त्यातलं पहिलं. इस्ट्रोजेन उतरलं की हाडाची झीज चालू राहते, भरणं मंदावतं. पळताना हाडात बारीक तडे प्रत्येकालाच पडतात. दोन पळण्यांच्या मध्ये ते बुजतात आणि हाड उलट घट्ट होतं. तुमच्याकडे तडे रोज पडत होते आणि गवंडी रजेवर होता. ४१ व्या वर्षी पाळी मागेपुढे होऊ शकते हे खरं, पण ते गृहीत धरू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करायची का ते विचारा. फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, थायरॉइड, हिमोग्लोबिन हे रक्तातून बघून घ्या.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: काहीही कमी करायचं नाही. हाड भरणं हे शरीराचं बांधकाम आहे, त्याला माल लागतो. कुबड्या घेऊन चालायला साध्या चालण्याच्या दुप्पट-तिप्पट ऊर्जा जाते. वर पाय स्थिर ठेवला की पहिल्या दोन आठवड्यांतच पोटरी झपाट्याने बारीक होते, आणि वापरात नसलेला स्नायू खाल्लेली प्रथिनंही नीट उचलत नाही. म्हणून दुखापतीत प्रथिनं वाढवायची असतात. एरवी लांब पळणाऱ्याला किलोमागे १.२ ते २ ग्रॅम सांगतात. तुम्ही आता १.६ च्या खाली येऊ नका, म्हणजे ८३ ग्रॅम. सध्याच्या ताटात ३५ निघाले तरी खूप.

दुर्वांकुर | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:००

सगळं उपवासावर ढकलायची फॅशन आलीय. आपल्या आज्या जन्मभर उपवास करत होत्या, त्यांची हाडं मोडली नाहीत. लाखो वारकरी आळंदीहून पंढरपूरला चालत जातात आणि पोचून आषाढी एकादशी करतात. त्यांना होतो का रेड-एस?

घाटमाथा | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:३५

वारीत उपाशी कोण राहतं हो? दोनदा चाललोय. अडीचशे किलोमीटर, अडीच-तीन आठवडे, तेही चालत. सकाळी चहा-पोहे, दुपारी पिठलं-भाकरी, मध्ये कुणीतरी केळी हातात कोंबतं, कुणी राजगिऱ्याचे लाडू, संध्याकाळी दिंडीत पंगत. लोणंदला माझं वजन वाढलं होतं. आणि एकादशीला मुक्काम असतो, पळापळ नसते.

आजींचं म्हणाल तर, म्हातारपणी वाकलेल्या पाठी आठवतात का? ती हाडंच होती.

हाडवैद्य_नव्हे | ८ ऑक्टोबर, दुपारी १:१५

भांडू नका. उपवास करणं न करणं ज्याचं त्याचं. माझं म्हणणं एवढंच की उपवास आणि जोराचं किंवा लांबचं पळणं एका दिवशी नको, आणि दुखापतीच्या काळात उपवास नको. आजारी माणसाला उपवासातून सूट आहे हे आपल्याकडे कुठल्याही घरात मान्य असतं. मोडलेलं हाड आजारात धरा.

माईंचा_डबा | ८ ऑक्टोबर, दुपारी ३:५०

पहाटपावलं बाळा, मी साठीची, पळत वगैरे नाही, पण धाकटा मुलगा कोल्हापुरात ट्रायथलॉन करतो, त्याच्यामुळे हे ८३ ग्रॅमचं गणित मला तोंडपाठ आहे. शाकाहारात बसतं. फक्त वरण पातळ चालणार नाही.

सकाळी उठल्याउठल्या केळं किंवा दोन-तीन खजूर. दूध कपभर, २५० मिली, त्यात ८ ग्रॅम. पोहे करशील तर वर मूठभर शेंगदाणे, २५ ग्रॅम, त्यात ६. जेवताना तीन पोळ्या, ९. मटकीची उसळ अशी कर की आत सुकी मटकी ४० ग्रॅम गेली पाहिजे, म्हणजे ९. घट्ट वरण ६, दही वाटीभर ५. पाचला चहाऐवजी ताक आणि फुटाणे, ६. रात्री ७५ ग्रॅम पनीर घातलेली भाजी, १३-१४, किंवा सोयाबीनच्या वड्या २५ ग्रॅम, १३. दोन्ही घातलंस तर ७५ च्या वर गेलीस. उरलेलं रात्री झोपताना हळदीचं दूध. आणि भात खा ग. भाताने कुणाचं वाकडं केलंय?

चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, नाचणी. शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका भाकरीत पावणेदोनशे. तीळ सालीसकट, चमचाभर रोज. पालकावर भिस्त ठेवू नकोस. त्यातलं ऑक्झॅलेट चुन्याला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. रोजचा हजार मिलिग्रॅमचा हिशेब दूध-दह्याशिवाय अवघड जातो.

कुणीतरी आता कांडवेल सांगेलच, म्हणून आधीच बोलते. आमच्याकडे हाड मोडलं की कांडवेलीची चटणी करायचे. चिंच घालून नीट परतली नाही तर घशाला अशी खाज सुटते की पायाचं दुखणं विसरशील. खा हवी तर, पण तिच्या भरवशावर आठ दिवस आधी पळायला जाऊ नकोस.

तिरकस | ८ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

माई, मी पळत नाही, फ्रॅक्चर नाही. ही थाळी मिळेल का?

चाकवेडा | ९ ऑक्टोबर, रात्री ११:४५

सायकलवाल्यांची बाजू मांडतो. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करतो. २००, ३००, ४०० किमी झाल्यात, ६०० ला ४० तासांची मुदत असते ती अजून हुकतेच आहे. आमच्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रॅम’, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली, तेव्हापासून इथे प्रत्येक गल्लीत एक लांबपल्ला सायकलस्वार आहे.

माझी चूक उलट होती. मला वाटायचं सायकलला धक्का नाही, म्हणजे हाडं सुरक्षित. गेल्या वर्षी स्पीडब्रेकरवर पडलो, मामुली पडणं, कॉलरबोन गेलं. डॉक्टरांनी हाडाची घनता बघायला लावली तर वय ३८ आणि कंबरेचा मणका साठीचा. तेव्हा कळलं की रस्त्यावरच्या सायकलपटूंत हे नेहमीचं आहे. हाडाला दणका लागतो, तो मिळाला की ते घट्ट होतं. सायकलवर तो मिळत नाही, वर तासन्‌तास घामातून कॅल्शियम जातं, आणि चढावर हलकं राहायचं म्हणून आम्हीही खात नाही. तेव्हापासून आठवड्यात दोनदा वजन उचलतो, दोरीच्या उड्या मारतो.

त्यामुळे ताई, बरं होईपर्यंत सायकल जरूर चालवा, दम टिकेल. पण सायकल म्हणजे हाडाचा व्यायाम नव्हे.

रानवाट | १० ऑक्टोबर, सकाळी ६:४५

हे सगळं शहरी लाड आहेत. आमच्या बीडचा अविनाश साबळे काय पनीर मोजून खायचा का? भाकर-ठेच्यावर वाढलेली पोरं आहेत ही.

घाटमाथा | १० ऑक्टोबर, सकाळी ७:३०

साबळेचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण तो पळायला लागला सैन्यात गेल्यावर. तिथे मेस असते, प्रशिक्षक असतात, विश्रांती ठरवून दिलेली असते. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं २०२२ चं स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) रौप्य नुसत्या ठेच्यावर आलं असं म्हणणं हा त्याच्या मेहनतीचाच अपमान. आणि जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्याशी पडून त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, तेव्हा त्यालाही शस्त्रक्रिया करून महिनोन्‌महिने थांबावंच लागलं. ती वेगळी दुखापत, अपघाताची. पण थांबणं कुणाला चुकत नाही.

गावाकडची शंभर पोरं भाकर-ठेच्यावर पळतात, त्यातली नव्वद कुठे गेली ते कुणी विचारत नाही.

बॉस्टनकर | १७ ऑक्टोबर, पहाटे ४:२०

उशिरा आलो. मूळ प्रश्नातली एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटलीय: शर्यतीआधी घेतलेली पेनकिलर.

लांब पळताना मूत्रपिंडाकडे रक्त आधीच कमी जातं. त्यात आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅक जातीची गोळी घेतली की ताण आणखी वाढतो. शिवाय ही गोळी शरीराला पाणी धरून ठेवायला लावते. लोक स्टेशनागणिक नुसतं पाणी ढोसतात, रक्तातलं सोडियम पातळ होतं. आमच्या बॉस्टनच्या २००२ च्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं शेवटी रक्त तपासलं, १३ टक्क्यांचं सोडियम खाली गेलेलं निघालं. जे पळताना वजन वाढवून आले, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायले, आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले, त्यांच्यात हे प्रमाण मोठं होतं. म्हणजे आपल्यासारखे. तहान लागेल तसं प्या. आणि दुखणं दाबून पळणं म्हणजे धुराचा भोंगा वाजतोय म्हणून त्याची बॅटरी काढणं.

अवांतर: ओआरएस घेणार असाल तर खरं घ्या. लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र. खोक्यातली गोड सरबतं ते नाव लावून विकली जात होती, ते नाव एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने, या ऑक्टोबरात (२०२५) काढायला लावलंय. बरं झालं.

हाडवैद्य_नव्हे | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:००

+१. शिवाय हाड भरताना या गोळ्या सतत घेऊ नयेत असंच बहुतेक डॉक्टर सांगतात, भरण्याच्या पहिल्या पायरीतच त्या आडव्या येतात असं दिसतं. माझ्याकडून निसटलं होतं.

पहाटपावलं | २४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

दिवाळी झाली. दर वर्षी फराळाच्या ताटाला हात न लावता लोकांना वाढणारी मी यंदा चार बेसनाचे लाडू खाल्ले आणि नवऱ्याने फोटो काढला.

रिपोर्ट: ड जीवनसत्त्व १४, फेरिटिन ११, हिमोग्लोबिन ११.६. थायरॉइड ठीक. डेक्सात मणका वयाच्या मानाने खाली आहे, फार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, ही रजोनिवृत्ती वाटत नाही, आधी वजन परत आणा, मग बोलू. हे ऐकून मी रिक्षात रडले. सहा किलो उतरवल्याबद्दल आमच्या गटात टाळ्या वाजल्या होत्या. ‘एक किलो कमी म्हणजे इतके सेकंद कमी’ हा आमच्या प्रशिक्षकांचा मंत्र. तो मंत्र खोटा नव्हता, हेच वाईट. खरंच वेगाने पळत होते मी, जुलैपर्यंत.

लोहाची गोळी सुरू झालीय, पोटात गोळा येतो. ड चे ६०,००० युनिटचे सॅशे आठवड्याला एक, आठ आठवडे. व्हे पावडर घेऊ का? कुणी कोलॅजेनही (हाडा-कातड्यातलं प्रथिन) सांगतंय.

हाडवैद्य_नव्हे | २५ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

लोहाबद्दल: गोळी चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेत असाल तर अर्धी वाया. चहातलं टॅनिन लोह धरतं, कॅल्शियमही आड येतं, तेव्हा दुधाबरोबर नको. लिंबूपाण्याबरोबर घ्या. रोज सोसत नसेल तर एक दिवसाआड चालेल का ते डॉक्टरांना विचारा. रोजच्या गोळीने हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पुढचं शोषण अडवतं, म्हणून एक दिवसाआड घेतलेली प्रत्येक गोळी जास्त अंगी लागते, असं लोह कमी असलेल्या बायकांत आढळलंय. जोराच्या व्यायामानंतरही तीन ते सहा तास हेच हेप्सिडिन वर असतं. म्हणजे तुमच्या जुन्या कार्यक्रमात, पळून आल्यावर चहा आणि मग गोळी असं केलं असतंत, तर तो सगळ्यात वाईट मुहूर्त ठरला असता.

व्हे म्हणजे दुधाचीच निवळी. एका चमच्यात २०-२५ ग्रॅम प्रथिनं. माईंचं ताट जमत असेल तर गरज नाही, घाईत जमत नसेल तर बिनधास्त घ्या.

कोलॅजेनचा गवगवा एका छोट्या प्रयोगातून मोठा झाला. १५ ग्रॅम जिलेटिन आणि क जीवनसत्त्व घेऊन तासाने दोरीच्या उड्या मारल्या, तर रक्तात कोलॅजेन बनण्याची खूण दुपटीने वाढलेली दिसली. माणसं होती आठ. शिवाय जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून येतं, तुमच्या घरी चालणार नाही. तो पैसा पनीरला लावा.

दुर्वांकुर | २५ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

फेरिटिन ११ वाचून माझं मी तपासून घेतलं. ९ आहे. मी पळत नाही, फक्त उपवास करते आणि दिवसाला सहा कप चहा पिते. जास्त बोलत नाही.

माईंचा_डबा | २५ ऑक्टोबर, सकाळी ११:००

ये ग इकडे. जेवणानंतर तासभर चहा नाही, इथून सुरू कर. उसळीवर लिंबू पिळायचं, नुसतं ताटात शोभेला ठेवायचं नाही.

पहाटपावलं | १४ डिसेंबर, रात्री ८:२०

दहा आठवडे झाले. पहिले तीन आठवडे पाय स्थिर ठेवणारा बूट. मग वेदनेशिवाय चालणं, मग जिना. पाचव्या आठवड्यापासून तरणतलावात कमरेला पट्टा बांधून पाण्यात पळणं. बाजूच्या आज्या विचारतात, तू पुढे का जात नाहीस? परवा फिजिओंनी पहिल्यांदा जमिनीवर पळवलं: एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, सहा वेळा. एकूण सहा मिनिटं. मला सहा अर्धमॅरेथॉन आठवल्या आणि हसू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाने दाबून पाहिलं, काही नाही.

वजन ५५.५. पाळी आली, नोव्हेंबरात आणि डिसेंबरात. हे मंडळींना सांगताना आता काहीच वाटत नाही.

बूट घालून बसलेल्या पहिल्या आठवड्यात भूक मेली होती आणि मी मनातून खूश होते, हे कबूल करायला हवं. डोक्यातलं ते गणित हाडापेक्षा हळू भरतंय. मोठं ताट बघितलं की अजून छातीत धडधडतं. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या की त्यासाठी समुपदेशक असतात. दोनदा जाऊन आले.

चाकवेडा | १४ डिसेंबर, रात्री ९:०५

शेवटचा परिच्छेद लिहिलात त्याबद्दल आभार. पुरुषांच्या गटात हे कुणी बोलत नाही. मी दोन वर्षं रात्रीचं जेवण सोडून ‘शिस्त’ म्हणवून घेत होतो.

घाटमाथा | १५ डिसेंबर, सकाळी ६:३०

मुंबईचं काय ठरलं?

पहाटपावलं | १९ जानेवारी, रात्री १०:१०

काल मुंबईला गेले होते. पेडर रोडच्या चढावर, पलीकडच्या बाजूला उभी. तीसहून जास्त किलोमीटर पळून आलेल्या लोकांचे चेहरे इतक्या जवळून कधी बघितले नव्हते. संत्र्याच्या फोडी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि चिक्कीचे तुकडे वाटले. आमच्या गटातली एक जण आली, हात थरथरत होते. विचारलं, काय खाल्लंस? म्हणाली, सकाळी चहा. बटाटा कोंबला तिच्या तोंडात.

आता विचारते, पुढे लांब पळायला लागले की वाटेत किती खायचं?

बॉस्टनकर | १९ जानेवारी, रात्री ११:५५

दीड तासाच्या वर पळणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात २५, साध्या लहान खजुरात ५-६. म्हणजे तासाला एक केळं आणि दोन-तीन खजूर, त्यावर घोटभर पाणी. जेलच हवं असं नाही. मात्र शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा काही खाऊ नका. आतड्यालाही सराव लागतो, रविवारच्या लांब पळण्यात तोही करायचा.

माईंचा_डबा | २० जानेवारी, सकाळी ९:३०

राजगिऱ्याची वडी खिशात चुरा होते, चिक्की दाताला चिकटते. खजुरात चिमूटभर मीठ आणि शेंगदाण्याचा कूट मळून गोळ्या कर, बटरपेपरात गुंडाळ. माझा लेक तेच नेतो.

पहाटपावलं | २१ फेब्रुवारी, रात्री ९:४५

फेरिटिन ३४, ड ३८. काल सलग वीस मिनिटं पळले. उद्या पाच मिनिटं पळ, एक मिनिट चाल, पाच वेळा. पहाटे निघायच्या आधी केळं.

सासूबाईंनी परस्पर जाहीर केलंय की येत्या श्रावणात सोमवार त्या धरतील, दोघींचे.

तिरकस | २१ फेब्रुवारी, रात्री ९:५०

केळ्याचा फोटो टाका. आमचा विश्वास नाही.

पहाटपावलं | २२ फेब्रुवारी, सकाळी ७:३५

साल ओल्या कचऱ्यात गेली. घंटागाडी आताच आली होती.